गाइडची टिप

सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी क्रूझने बंदर सोडलं, तेव्हा भास्करराव जहाजावर नव्हते.

गाइडला टिप द्यायची म्हणून एटीएममधून तिथल्या नोटा आणायला मंदाकिनीनेच नवऱ्याला पिटाळलं होतं. "जन्मभर चिकटपणा केलात. निदान परदेशात तरी माझी लाज राखा," असं तिने सगळ्या ग्रुपसमोर ऐकवलं होतं. ते मुकाट्याने निघाले होते.

"पण काकू, टिपचे पैसे तर पुण्यातच भरलेत तुम्ही," टूर मॅनेजर केदार चाचरत म्हणाला. "काकांनीच भरले. पावतीसुद्धा मागून घेतली होती."

मंदाकिनी मटकन खुर्चीत बसली. माहीत होतं, तर मग गेले कशाला?

आठ वाजता बंदरावरून निरोप आला. भास्करराव कॅमेऱ्यात दिसले होते. एटीएमपाशी ते थांबलेच नाहीत, सरळ शहराच्या दिशेने चालत गेले.