राहून गेलेलं लगीन

"पण आमचां लगीन झालांच कंदी?" वामन म्हणाला, आणि पोशीला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

पंच आंब्याखाली बसले होते. लेकीच्या, मंगळीच्या डोक्यावर ठेवलेला पोशीचा हात तिथेच थबकला. वामनने सगळं एका दमात सांगून टाकलं. जव्हारचं संस्थान जाऊन सरकार आलं होतं आणि त्या सरकारात तो आता शिपाई होता. जव्हारलाच त्याने एक मुलगी पाहिली होती, चार इयत्ता शिकलेली. परवा तिच्याशी लगीन. पोशीने घर सोडावं. मंगळी मात्र राहील, कारण मंगळी त्याची. आई परकी आणि लेक आपली, हे तो कोणत्या शाळेत शिकला होता देव जाणे.

तसं पाहिलं तर तो खोटं बोलत नव्हता. या पाड्यांवर पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली की दोन्ही घरची माणसं बसून ताडी पितात आणि पोरगी राहायला येते. लगीन म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेल तेव्हा करायचं. कधी बाप आणि मुलगा एकाच मांडवात उभे राहतात आणि कोणी हसत नाही. "लगीन राहिलंय" हे इथली माणसं "छप्पर शाकारायचं राहिलंय" अशा सुरात सांगतात.

पोशीचंही तसंच राहिलं होतं. एका वर्षी मांडवापुरता भात घरात आलाही होता. पण तेव्हा वामनला जव्हारला राहून परीक्षा द्यायची होती. पोशीच म्हणाली होती, "आधी तू शीक. लगीन काय पळून जातां?" तो भात वामनने जव्हारला बसून खाल्ला, पास झाला, शिपाई झाला. आणि आज त्याच भाताच्या जोरावर तो तिला विचारत होता, लगीन कुठं आहे. पोशीला रडू आलं नाही. मंगळीचा हात धरून ती पंचांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"नवसूबाबा," ती मुख्य पंचाला म्हणाली, "इतकी वरसां मी त्याच्या घरात राहली, राबली. तं मी कोण होती?"

नवसूने तंबाखू मळायला घेतली. प्रश्न अडचणीचा होता. बाई वर्षानुवर्षं रांधते, तापात उशाशी बसते, लेकरू जन्माला घालते, त्याने ती बायको होते, की मांडवातल्या एका दिवसाने? आजवर पाड्यावर हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती. पण आज विचारणारा वामन साहेबाच्या दाराशी उभा राहणारा शिपाई होता, आणि त्या दारात पंचांची कामं अडलेली होती.

"लगीन नाय, तं बायको नाय," नवसू शेवटी म्हणाला. बाकीच्या पंचांनी घाईघाईने माना डोलावल्या.

पोशीने सासूकडे पाहिलं. माघी आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांची धवलेरी होती. इथे लगीन भट लावत नाही, धवलेरी लावते, धवले म्हणजे लगनाची गाणी गाऊन. जिचं स्वतःचं लगीन लागलंय तिनेच ते लावायचं. दुसरीने लावलं तर ते लगीनच नव्हे. नवसूचं लगीन माघीनेच लावलं होतं. समोर बसलेल्या एकूण एक पंचाचं तिनेच लावलं होतं. तिच्या शब्दाला वजन होतं, आणि पोशीला तर तिने लेकीसारखं वागवलं होतं. ती बोलेल, पोशीला खात्री होती. माघी खाली मान घालून बसून राहिली. वामनचं एक वेळ समजण्यासारखं होतं, त्याच्या डोक्यात कचेरी शिरली होती. पण माघीसुद्धा?  पोशीने मंगळीला जवळ ओढलं आणि ती मटकन खाली बसली.

वामनला जोर चढला. "आय, परवा मांडवात तूच धवला गायचा हां. सगळां रीतीनं होऊं दे."

माघी गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली.

"नवसू, लगीन नाय तं बायको नाय. नक्की ना?"

"नक्की, माघीबाय. पंचांनी ठरवलां तां ठरवलां."

"मंग ऐका. याच्या बापानं मला सुरगाण्याकडून आणली. तुम्हांला वाटलां, लगीन तिकडंच झालां. कोणी ईचारलां नाय, मी सांगलां नाय. तो मरला तरी आमचां राहूनच गेलां." तिने एकेका पंचाच्या तोंडाकडे पाहिलं. "आता उठा. घरी जा नि आपापल्या बायकांना सांगा, तुम्ही आमच्या कोण नाय."