झडती

शिंप्याची बायको नवऱ्याचे खिसे उलटे करून बघत होती. तो आंघोळीला गेला होता आणि एकदा गेला की लवकर बाहेर यायचा नाही, तेवढीच सवड. खिशात निघाला खडूचा तुकडा आणि सुताचा गुंता. तिने शर्ट नाकाला लावला. नुसता साबणाचा वास. तिने पुन्हा एकदा हुंगून बघितला.

सकाळी ती एकटीच रिपोर्ट आणायला गेली होती. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून दर तीन महिन्यांनी त्याचं रक्त तपासायचे आणि त्यात एक आकडा यायचा. तो खाली असला की आजार गप्प, वर चढला की काळजी. आजवर बिचारा शहाण्यासारखा खाली बसून होता. आज चढला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे सिगारेट ओढतात का? ओढणाऱ्यांचा आकडा एरवीही थोडा वर असतो. तसं असेल तर एवढ्यात घाबरायला नको. नसेल, तर मात्र आजार परत आलाय असंच बहुधा धरावं लागेल.

"ओढतात ना, चोरून ओढतात," ती घाईघाईने म्हणाली होती. "जित्याची खोड..." उरलेली म्हण तिने गिळली.

नवऱ्याला तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. आधी सिगारेट सापडू दे, मग सांगू.

या सिगारेटींपायी तिने काय कमी डोकं फोडून घेतलं होतं? पाकिटं मोरीत भिजवली, अबोला धरला, माहेरी जाऊन बसली. हा पठ्ठ्या कुठे लपवेल त्याचा नेम नसे. एकदा तर गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात ठेवली आणि वरून टाके घालून मोकळा झाला. गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं, हा बसला हात चोळत. त्याच्या सगळ्या जागा तिला तोंडपाठ होत्या. आज तिने मशीनचा खण उपसला, गादी उचलली, कपाटामागे हात घातला. बटणांच्या डब्यात बटणंच निघाली. देवा, एक थोटूक दे रे, ती मनात म्हणाली. एवढं एकच दे.

तो डोकं पुसत बाहेर आला. खोलीभर पसारा बघून काय ते समजला आणि हसला.

"अहो, मी रागावणार नाही," ती म्हणाली. "ओढता ना अधूनमधून?"

"नाही गं."

"एखादी तरी ओढली असेल. कुणी आग्रह केला म्हणून."

तो तिच्या शेजारी बसला. ऑपरेशननंतर हलका झालेला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला.

"तुझी शपथ. हॉस्पिटलातून आल्यापासून एकीलाही हात लावलेला नाही."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला वाटलं, हा हात झटकून टाकावा, शपथ मोडायला लावावी. तो मात्र खुशीत होता, तिचे डोळे टॉवेलाने पुसत होता.

"रडतेस काय, वेडे? जन्मभर भांडलीस," तो म्हणाला. "जिंकलीस एकदाची."