‘मी येणार’

“तूच दाब बाई. माझा मला भरवसा राहिला नाही,” मामा म्हणाला आणि त्याने फोन भाचीच्या हातात दिला.

पडद्यावर रुग्णालयाचं पान होतं. मामाचं नाव, उद्याची डायलिसिसची वेळ आणि खाली मोठं निळं बटण, ‘मी येणार’. यंत्रं थोडी, रुग्ण फार. आदल्या दिवशी हे बटण दाबलं नाही तर यंत्र दुसऱ्याला जातं. मामाचं दोनदा गेलं होतं. दुसऱ्यांदा तर पाय सुजले, श्वास लागला आणि त्याला तिथेच दाखल व्हावं लागलं.

दारात टेम्पो उभा होता. आत मामेभाऊ कपाट रिकामं करत होता. मामाला एकटं ठेवण्यात अर्थ नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. आजपासून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलाच्या घरी राहणार होता. या घराला कुलूप.

हे ठरायला भाचीचाच शब्द कारण झाला होता, कारण रुग्णालयाचं हे संकेतस्थळ तिने बनवलेलं. जुनं होतं ते साधं होतं. बटण दाबलं की सर्व्हर नवं पान बनवून पाठवायचा. पडदा पांढरा व्हायचा, लुकलुकायचा, मग ‘नोंद झाली’ असं पान यायचं. दिसायला गबाळं, पण कामाला चोख. तिच्या कंपनीने ते मोडीत काढलं आणि नवं आणलं. एकच पान, सगळी हालचाल त्यातल्या त्यात, स्क्रिप्टच्या, म्हणजे फोनमध्ये उतरून बटणं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या जोरावर. मग लोक ओरडू लागले, की स्क्रिप्ट उतरेपर्यंत नुसता कोरा पडदा बघत बसावं लागतं. भाचीने तोड काढली. पान आधी सर्व्हरवरच रंगवून पाठवायचं, स्क्रिप्ट येईल मागाहून. पान चुटकीसरशी दिसू लागलं. साहेबांनी पाठ थोपटली, तीही फुशारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मामाचं यंत्र पहिल्यांदा गेलं.

“दाबलं म्हणजे दाबलं!” तेव्हा तो केवढा तणतणला होता. “चष्मा पुसला, कप बाजूला ठेवला आणि या अंगठ्याने दाबलं.” मामा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. नट विसरायचे आणि हा विंगेतून वाक्यं पुरवायचा. अशा माणसाला ‘विसरलास’ म्हणणं म्हणजे शिवीच.

ती शिवी भाचीने दिली. ऑफिसात सर्व्हरवरच्या नोंदी तपासल्या, त्यात मामाकडून काही आलेलंच नव्हतं. मग सगळ्यांसमोर, जरा चढ्या आवाजात ती म्हणाली, “मामा, सर्व्हर खोटं बोलत नाही. तू दाबलंच नाहीस.” दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मामेभावाने डॉक्टरांकडे विसराळूपणाचा विषय काढला. त्या वेळी मामा तणतणला नाही. त्याने बोलणंच कमी केलं.

आता तिने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं, जणू काच फोडली की नोंद होणार होती. बटण निळंच्या निळं. समोर नवी टोलेजंग इमारत उठल्यापासून या खोलीत नेट रडतखडतच यायचं. ती फोनवर चिडली, इमारतीवर चिडली, ‘हा डबा बदल एकदाचा’ असं मामाला म्हणणार, तेवढ्यात सहज पुन्हा अंगठा टेकला. बटण हिरवं झालं, नोंद गेली.

आत्ता तिला उलगडलं. पान केव्हाच आलं होतं, स्क्रिप्ट आत्ता आली होती. तोवर ते बटण नव्हतंच, बटणाचं चित्र होतं. ऑफिसातल्या वेगवान नेटवर दोन्ही पाठोपाठ येतात, म्हणून कुणाला कधी कळलं नाही. नोंद पोचली नव्हती, कारण ती इथून निघालीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी.

“मामा, दाबल्यावर काहीच झालं नाही, तर तू थांबला का नाहीस?”

“तूच सांगितलं होतंस ना, आता पान लुकलुकणार नाही म्हणून. सगळं जागच्या जागी होतं म्हणालीस.”

तिने ऑफिसला फोन लावला. “ते बटण आजच्या आज जुन्यासारखं करा. स्क्रिप्ट येवो न येवो, दाबलं की नोंद गेलीच पाहिजे.” पलीकडचा सहकारी म्हणाला, “पण आमच्याकडे तर चालतंय.” हेच वाक्य तिने स्वतः किती जणांच्या तोंडावर फेकलं होतं. संतापाने तिला रडू फुटलं.

डोळे पुसत ती आत गेली आणि मामेभावाला म्हणाली, “टेम्पो परत पाठव.” सगळं ऐकून तो हातातल्या सदऱ्यांसकट खाली बसला. मग ती मामाच्या पायाशी येऊन बसली.

“मामा, तू दोन्ही वेळा दाबलं होतंस. चूक माझी होती. तू काही विसरला नव्हतास.”

मामाने शांतपणे ऐकलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“गुणाची गं तू. लहानपणापासून दुसऱ्याचं स्वतःवर घेतेस,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? मला आता आठवतच नाही, दाबलं होतं की नव्हतं.”