पाच वाजेपर्यंत

बिल्डरचा माणूस वेंडेल साडेचारला बेसबॉलच्या मैदानावर धापा टाकत पोचला. पाचच्या आत नोटीस जमिनीच्या मालकीण ओडेसाबाईंच्या हातात पडली नाही, तर करारानुसार सौदा रद्द होणार होता. पाच हजार खुर्च्यांत माणसं होती सदतीस.

"बाई, ही नोटीस..."

"श्श!" ओडेसाबाईंनी डोळे वटारले. "आपल्या पिचरने आज एकालाही चेंडू मारू दिलेला नाही. अशा वेळी कुणी बोललं किंवा हललं, की नजर लागते. गेल्या खेपेला एक जण शिंकला होता. अजून लंगडतोय."

सदतीस माणसं वळून वेंडेलकडे बघायला लागली. एकाच्या हातात बॅट होती. वेंडेल मुकाट्याने बसला आणि नोटीस मांडीवर धरून धावफलकावरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

पाच वाजले. सदतीसच्या सदतीस जण उठून टाळ्या वाजवायला लागले.

"जिंकलो का?" त्याने घाबरत विचारलं.

"छे रे बाळा, अकरा-शून्यने मार खातोय. घड्याळाखालीच लिहिलंय की."

"मग टाळ्या कसल्या?"

"तुमच्या नकाशात पार्किंग दाखवलंय ना, तिथे राहतात हे सगळे."