बारा नंबरची मेंढी

काचेवर ओतलेल्या जेलवर आजही काही उमटलं नव्हतं. राजश्रीनं काचपट्टी ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी केली, काळ्या कागदावर ठेवून पाहिली. कालही हेच झालं होतं, म्हणून तिनं सगळं जेल नव्यानं ओतलं होतं.

जेलमध्ये शेजारी शेजारी दोन भोकं. एकात माणसाच्या रक्तातलं सीआरपी नावाचं प्रोटीन, दुसऱ्यात मेंढीचं सीरम. ते प्रोटीन टोचून टोचून मेंढीच्या रक्तात त्याला धरणारी अँटीबॉडी तयार झाली असली की दोन्ही भोकांच्या मधे पांढरी रेघ उठते. बारा नंबरच्या मेंढीची रेघ गेल्या महिन्यात खडूनं ओढल्यासारखी होती. सणसवाडीच्या त्या छोट्या कंपनीत एवढी चांगली अँटीबॉडी दुसऱ्या कुठल्याच मेंढीनं दिली नव्हती. त्या अँटीबॉडीपासून होणारं तपासणीचं किट दवाखान्यांत जायचं. तापानं फणफणलेल्या बाळाला कुठं संसर्ग झालाय का, याचा अंदाज त्यावरून बसल्या जागी यायचा.

आणि आज त्या मेंढीचं सगळं रक्त काढायचं होतं. कंपनीचे मालक लिमये सर यांनी शनिवारीच तसं ठरवलं होतं. ऑर्डर मोठी होती, अँटीबॉडी ऐन भरात होती, थोडंथोडं काढत बसायला वेळ नव्हता. एवढं रक्त गेल्यावर मेंढी जगत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

"मेंढी ठीक आहे. तुमचं जेल बिघडलंय," सर तिला सकाळीच म्हणाले होते.

मीठ-पाणी बदललं, भांडी परत घासली, तरी जेल कोरंच. राजश्री वैतागून उठली आणि मागच्या शेडमध्ये गेली. मेंढ्या सांभाळणारा म्हाळू गव्हाणीत चारा टाकत होता. रक्ताचे नमुनेही तोच काढून आणून द्यायचा. तो कासुर्डी गावचा, घरी त्याचा स्वतःचा कळप होता, तो बायको बघायची.

"मामा, बारा नंबर कुठली?"

त्यानं हातानंच दाखवली. कानात बिल्ला बाराचाच होता. राजश्रीनं कान उलटा केला. भोक ताजं होतं, कडेला ओली खपली. तिनं मान चाचपली. रक्तासाठी महिन्यामागून महिने सुई टोचून बारा नंबरच्या मानेची कातडी निबर झाली होती. हिची मऊ होती.

"ही बारा नंबर नाही."

"बिल्ला हाय की, म्याडम."

"बिल्ला दिसतोय मला. मेंढी कुठंय?"

म्हाळूचा हात काही थांबला नाही. "घरी. रैवारी टेम्पोत घालून न्हेली. ही माझ्या कळपातली."

"अहो मामा, मी दोन दिवस..." दोन दिवस तिनं स्वतःच्याच हातावर संशय घेतला होता.

"गाभन हाय ती," म्हाळू म्हणाला. "सायबाला सांगितलं हुतं. म्हनले, त्यानं रगतात काय फरक पडतोय का? म्हैन्याच्या म्हैन्याला मान धरून दिली म्या, कवा न्हाई म्हनलो? पर ह्ये माझ्यानं धरवायचं न्हाई."

"मग मला सांगायचं."

"तुमी काय केलं असतं?"

राजश्रीला त्या प्रश्नाचाच जास्त राग आला. तेवढ्यात सर दारात येऊन उभे राहिले. "काय, जमलं का जेल? दुपारी रक्त काढायचंय."

म्हाळू गव्हाणीतला चारा सारखा करत राहिला. राजश्री एकदा त्याच्याकडं बघून सरांकडं वळली.

"या मेंढीच्या रक्तात काही नाही, सर. दोनदा बघितलं. काढून उपयोग नाही."

"एका महिन्यात एवढी अँटीबॉडी जाते कुठं?"

"ते मला नाही सांगता येणार."

सरांच्या खिशातला नोकिया वाजू लागला. "एवढे महिने मातीत," ते म्हणाले. "तुमच्या भरवशावर राहिलो, माझंच चुकलं. नवीन जनावर लावा, लगेच." आणि फोन कानाला लावून ते निघून गेले.

राजश्री तिथंच उभी राहिली. नवीन जनावर म्हणजे पुन्हा पहिल्यापासून प्रोटीन टोचायचं, पुन्हा वाट बघायची, आणि ऑर्डर गेली की सगळ्यांनी तिच्याकडं बोट दाखवायचं.

"हिला न्यू का मग घरी?" म्हाळूनं विचारलं.

"न्या. आणि येताना मेंढा आणा. गाभण आहे म्हणून परत मला कुणी सांगायला नको."

"आनतो." म्हाळू दावं सोडायला वाकला आणि तसाच थांबला. "पर म्याडम, त्याचं रगात चांगलं निघालं तर वो?"