लांबलचक आडनाव

डेंटिस्टबाईंचं आडनाव एवढं लांब होतं, की फॉर्मवरच्या चौकटी संपायच्या पण ते संपायचं नाही. ते त्यांच्या आजोबांपासून सुरू झालं. लढाईतून जीव वाचवून आजोबा बोटीनं या देशात उतरले, तेव्हा बंदरावरच्या कारकुनानं आडनाव विचारलं. आजोबांना इथली भाषा ओ की ठो कळत नव्हती. ते जे काही बोलले, ते कारकुनानं ऐकू आलं तसं रकान्यात लिहून टाकलं.

पुढे बाबांनी ते छोटं करून घ्यायचं ठरवलं, तर एरवी शांत असणारे आजोबा कडाडले, "एक अक्षरही कमी करायचं नाही!" अर्थ मात्र त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितला नाही.

आज कवळीचं माप द्यायला एक म्हातारी आली. दारावरची पाटी पुटपुटत वाचता वाचता ती थबकली.

"बाळा, हे कोणी लिहिलंय?"

"आडनाव आहे माझं, मावशी. तुम्ही आजोबांच्या मुलखातल्या दिसता! मग अर्थ सांगाच. आमचे पूर्वज सुतार होते की लोहार, तेवढं तरी कळू दे," डेंटिस्टबाई हसत म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांचा हात घट्ट धरला. "आमच्याकडे असं आडनावच नसतं गं. हे अख्खं वाक्य आहे."

"कसलं वाक्य?"

 

"'बोट परत न्या, माझी मुलगी तिकडेच राहिली.'"