लाल कुलूप

सुरक्षा प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी ग्रिगोरेसर सगळ्यांना बकाऊ शहरातल्या कारखान्यातल्या जुन्या प्रेस यंत्रापाशी घेऊन गेले. सहा वर्षांपूर्वी दुरुस्ती अर्धवट टाकून मेकॅनिक दोरू इटलीला निघून गेला, तेव्हापासून, आत माणूस असताना कुणी यंत्र चालू करू नये म्हणून लावलेलं त्याचं लाल कुलूप मुख्य खटक्यावर तसंच लटकत होतं.

"कुलूप ज्याचं, त्यानेच काढायचं. तो नसेल तर आधी फोन करून विचारायचं, तू आत नाहीस ना. मगच कटर लावायचा," सर म्हणाले.

"विओरिका, नवरा तुझा, फोनही तूच कर," तिच्यासोबत काम करणारी इलिंका हसत म्हणाली.

विओरिकाने चार वर्षांत तो नंबर लावला नव्हता. पलीकडून दोरूचा आवाज आला, तशी ती कागदावरचं वाचल्यासारखी म्हणाली, "तुझं कुलूप तोडतायत. तू कारखान्यात नाहीस ना?"

 पलीकडे किल्ल्या वाजल्या.

"किल्ली आहे गं माझ्याकडे. जुडग्यातच आहे अजून."

तिने फोन ठेवला आणि सरांच्या हातातला कटर काढून घेतला.

"किल्ली त्याच्याकडे आहे, सर. तो येईपर्यंत थांबायला लागेल. नियम तुम्हीच सांगितलात."